दोन टिंबं

आधी प्लग काढ, साईल.
नुसतं बटण बंद करून भागत नाही.
पिन मला हातात दाखव,
मग पात्याला शिव.

पातं केवढं, तर शिवणाच्या दोऱ्याला दात फुटावेत तेवढं.
या ट्यूबलाइटमध्ये दातांचं तोंड दिसणार नाही.
बोट खालून वर ने, अलगद. टोचलं ना? बरोबर.
दात खाली बघणारे हवेत.
उलटं बसवलंस तर फळी टेबलावर नाचेल
आणि नाचणारी फळी तू धरायला जाशील.

आता चाप आवळ. छेड.
ठप्प वाजलं? अजून आवळ.
माणगावला भजनाआधी बुवा
एकतारीला कान लावून बसायचे,
तसा स्वच्छ टणत्कार हवा.
फार चढवलंस तर तुटेल. ढिलं ठेवलंस तर
रेघ सोडून भलतीकडेच जाईल.

हातमोजे काढ. हो, काढच.
मोज्याचा सुटा धागा पात्याला फार आवडतो.
गळ्यातला काळा दोरा शर्टाच्या आत.
चष्मा लाव, मास्क लाव;
अजमानच्या या सनाइयात पंखा धूळ ओढत नाही,
उगाच पत्र्याखाली फिरवत बसतो.

ढकलू नकोस. रेघेला पात्यापाशी येऊ दे.
पातं जरा उजवीकडे खेचतं, ती त्याची खोड,
फळी किंचित तिरकी धर, भांडू नकोस.
जळका वास आला की समज, पातं म्हातारं झालं. बदल.
थरथर वाढली तर आधी पायांचे चार बोल्ट बघ,
यंत्राला शिव्या नंतर.
टेबलाला मेण चोळायचं. तेल नाही,
तेल सागवान पितं आणि डाग दाखवतं.
तेल फक्त दांड्याच्या सांध्याला,
दोन थेंब, जुम्म्याच्या आदल्या दिवशी.

हे नाव कुणाच्या तरी दारावर लागणार.
सतरा वर्षं ही अक्षरं कापतोय,
वाचता एकही येत नाही.
हे तीन दातांचं, याला मी करवत म्हणतो.
पुढचं कुंजुमोनने सांगितलं: ऐन, म्हणजे डोळा.
शब्दाच्या सुरुवातीला उघडा असतो,
मध्ये आला की मिटतो.
मिटलेल्या डोळ्यात शिरायचं
तर आधी बारीक भोक पाड,
पातं वरून सोडव, भोकातून ओव,
पुन्हा आवळ, पुन्हा छेड.

ऐन त्याने छान कापला. माझ्यापेक्षा छान,
पण ते मी बोललो नाही.
खालची दोन टिंबं राहिली होती.
पहिलं सुटलं आणि टेबलाच्या फटीतून
खाली भुशात गेलं.
पोरगा वाकला. हात घातला.
पातं वरखाली होतच होतं.

मी ओरडलो नाही. ओरडलं की माणूस दचकतो.
भिंतीतून पिन उपटली.
पंखाही त्याच बोर्डावर, तोही थांबला.
सगळी शेड गप्प.
बाहेर कुठेतरी फोर्कलिफ्ट मागे येताना
टीं टीं करत होती.

त्याचा हात भुशातून वर आला.
मी बोटं मोजली. त्यानेही मोजली.
मग चहाच्या गाळणीने दोघांनी भुसा चाळला.
टिंब सापडलं, हरभऱ्याच्या डाळीएवढं.
त्याच्या तळव्यावर ते हलत होतं,
म्हणजे तळवाच हलत होता.

गेल्या महिन्यात कार्डाच्या ऑफिसात
यंत्राने माझा अंगठा चारदा नाकारला.
पॉलिशपेपरने रेषा खाल्ल्यात.
काउंटरवरची बाई म्हणाली,
क्रीम लावा आणि आठवड्याने या.
साईल, रेषा गेल्या त्याचं काही नाही.
अंगठा जागेवर असला
की पुन्हा या म्हणतात.

दुसरं टिंब मी उद्यावर टाकलं.