गिअरबॉक्स शास्त्रीनगरात आहे

शटर जरा उचलून धरा, मधेच अडकतं.
हां. या. चपला राहू द्या पायात,
खाली बोल्ट सांडलेत.

ही.
एमजी, एकोणपन्नास सालची. दोन सीटा.
वरची चादर आमच्याच गल्लीतली,
मोर उलटा विणला गेला म्हणून खपली नाही,
हिच्या अंगावर आली.

फोनवर विचारलंत, चालू आहे का.
चालू असती तर मी फोनवर सापडलो असतो काय?
अक्कलकोट रोडला असतो, पुढची काच आडवी पाडून,
तोंडात चिलटं.

मिलच्या वीव्हिंग मास्तरची. साहेब गेला, ही राहिली.
मिल बंद पडली तेव्हा लिलावात
मागांबरोबर किलोवर निघाली.
निम्मे पैसे माझे, निम्मे दस्तगीरचे.
दस्तगीर नदाफ. तो बॉयलरवर, मी जॉबर.
दोन माणसं, दोन सीटा. हिशोबाला कागद लागला नाही.

हिचा सांगाडा लाकडाचा असतो, वाळवीनं खाल्ला होता.
जुन्या मागाचं सागवान कापून बसवलं.
दार आपटून बघा. हळू की!
ऐकलंत? पत्रा वाजत नाही, पेटी मिटते.
चाकाला तारा अठ्ठेचाळीस. या एका चाकाच्या
मी मे महिन्यात रात्री गच्चीवर बसून ओढल्या.
आपल्याकडे रात्री दहालाही लोखंड पोळतं,
आणि गरम तार खोटं बोलते,
सकाळी बघावं तर सैल.

इंजिन बांधलंय. हँडल मारा, फिरतं.
पुढे काही जोडलेलं नाही, म्हणून इतकं हलकं.

आता हा डाग बघा बॉनेटवर. लाल.
आणि हा दारावर, सायीच्या रंगाचा.
मधे दोन वीत अंतर.
अकरा वर्षं त्यात गेली.

तो म्हणाला, लाल. असली गाडी म्हणजे लालच.
मी म्हणालो, साहेबाची साय होती, खरवड, खाली निघते.
तो म्हणाला, साहेबाचं आपण काय देणं लागतो, इरण्णा?
मी म्हणालो, तुझा लाल गड्ड्यावरच्या पाळण्याचा आहे.

त्याचा बाप जत्रेत पाळणा फिरवायचा.
मला माहीत होतं.

तो काही बोलला नाही. पाने पुसले, डबीत ठेवले.
गिअरबॉक्स इथं, तुम्ही उभे आहात तिथं, उघडा पडला होता.
परातीसकट उचलला, सायकलला बांधला, चालत नेला.
रस्त्यावर थेंब थेंब तेल.
दुसऱ्या दिवशी मी त्या तेलामागं
कन्ना चौकापर्यंत गेलो. तिथून परत आलो.

का विकताय?
सगळे विचारतात.
सुनेला एम्ब्रॉयडरीचं मशीन बसवायचंय,
लग्नाच्या टॉवेलांवर नावं काढायची ऑर्डर आहे.
डाव्या डोळ्याला पडदा आलाय.
यातलं जे पटेल ते घ्या.

किंमत बोललो तीच. आहे त्या स्थितीत.
हेडलाइट एकच आहे, दुसरा कधी नव्हताच.
गिअरबॉक्सचे पैसे त्याला वेगळे द्यायचे.
जास्त सांगेल. द्या.

पत्ता लिहून घ्या: शास्त्रीनगर,
पिठाच्या गिरणीला लागून निळं दार.
पलंगाखाली पोत्यात ठेवलाय,
दोन महिन्यांनी काढून तेल घालतो,
त्याचा पुतण्या सांगत होता. मी विचारलं नव्हतं.

माझं नाव काढू नका.
काढलंत तरी चालेल.
नको, राहू द्या.

आत घेईल, पाणी देईल,
आणि पहिलं एकच विचारेल, रंग कुठला देणार.
तुमच्या मनात काळा असो, हिरवा असो,
त्याला म्हणा,
अजून ठरलं नाही.