तफावत

खेळाच्या चित्रावर बोट दाबून ठेवलं
की एक छोटी यादी उघडते.
तिच्यात शेवटून दुसरी ओळ:
'हा खेळ माझ्या प्रोफाइलवर दाखवायचा का?'
सव्वीस वर्षं या घरात राहतेय,
इतक्या अदबीनं मला कुणी काही विचारलं नव्हतं.

कन्नमवार नगर, दोन खोल्या.
आतून कडी लागणारं दार एकच, न्हाणीघराचं,
आणि तिथंही बादली भरली की
बाहेरून हाक येते, "झालं का?"
कपाटाची किल्ली कपाटालाच लटकलेली.
माझं पासबुक, ह्यांच्या गोळ्या, ओजसच्या मार्कलिस्टा,
सगळं एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत.
लपवायला जागा नाही
म्हणजे लपवण्यासारखं काही नाही,
असं आम्ही धरून चाललो.

खातं ओजसनंच उघडून दिलं.
"तू पण खेळ गं आई, डोकं हलकं होतं."
शिकले. शब्दकोडं, रंग जुळवणं,
कॅरम, त्यात वसईचा कुणी फर्नांडिस मला रोज हरवतो.
ते राहू दे उघडं.
समोरच्या इमारतीतली ऋजुता बघू दे,
'काकू, लेव्हल नव्वद!' म्हणून अंगठा दाखवू दे.

लपवला तो एकच.
नाव इथंही सांगणार नाही.
त्यात घर बांधायचं असतं.
मी बांधलं. एक खोली,
एक खुर्ची, एक ताट, एक पेला.
दाराशी चपलांचा एकच जोड.
खेळ अधूनमधून सुचवतो, 'कुटुंब जोडा?'
मी 'नंतर' दाबते.
एकशे चाळीस तास मी 'नंतर' दाबतेय.

हे दाखवायचं कुणाला?
ह्यांना? शेजारी झोपलेत,
माझ्या चादरीचं टोक त्यांच्या कोपराखाली अडकलंय.
भांडण नाही आमचं.
कुणी कारण विचारलं तर द्यायला कारणही नाही,
आणि कारण नसलेल्या गोष्टीला
आमच्याकडे थेट आजार म्हणतात.

म्हणून तो ठिपका सरकवला.
कडी लागल्याचा आवाज होत नाही.
तरी मी कान देऊन ऐकला.

मग पतपेढीतला हात, गप्प कसा बसेल,
ओजसचं पान उघडलं.
एकूण खेळलेले तास: एक हजार चारशे सहा.
खाली यादी. क्रिकेट, गाड्या, तो बंदुकांचा.
बेरीज केली वरून खाली,
मग खालून वर, पेढीत करतो तशी.
एक हजार एकशे पंच्याण्णव.
दोनशे अकरा तास कुठंच नाहीत.

दोनशे अकरा.
माझ्यापेक्षा एकाहत्तर जास्त.

ऐरोलीहून तो पहाटे येतो,
चपला हातात घेऊन, आम्ही जागं होऊ नये म्हणून.
ओट्यासमोर गादी टाकतो,
पांघरूण डोक्यावरून घेतो,
आत निळसर उजेड बराच वेळ राहतो.
मला वाटायचं, मुलगी असेल.
आता वाटतं, एखादी खुर्चीही असेल.

दुपारी उठला. रविवार होता.
चहा ओतताना विचारलं, "झोप झाली?"
"झाली. तुझी?"
"झाली."
दोन्ही नोंदी खोट्या, पण जुळल्या.

पेढीत तफावत निघाली
की लाल पेनानं गोल करून साहेबांकडे न्यायची असते.
अडीच रुपयांसाठी मी
रात्री साडेआठपर्यंत बसलेली बाई आहे.
इथं गोल केला नाही.
बशीत एक बिस्कीट जास्तीचं ठेवलं, तेवढंच.

तो न्हाणीघरात गेला. कडी लागली.
बादली भरली, भरून वाहू लागली,
ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून
माझ्याकडे पाहिलं, हाक मारायचं काम माझं असल्यासारखं.

दोनला पाणी जातं.
जाऊ दे म्हटलं.