सुविधाधिकार

उत्तरेश्वर पेठेत भर दुपारी आम्ही टेप ताणला
तेव्हा आदगोंडा चौगुले चपला काढून उभे होते.
मोजणीला अनवाणी उभं राहायचं,
असं त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं.
"बोळ माझा," ते म्हणाले. "लिवा."
मी लिहिलं नाही. आधी मोजला.

रुंदी एक्क्याण्णव सेंटिमीटर,
म्हणजे जुने तीन फूट,
म्हणजे कमरेवर घागर घेतलेली एक बाई
आणि तिला वाट द्यायला
भिंतीला चिकटलेलं एक पोर.

मिळकत पत्रिकेवर मालक हा शब्द नाही.
छापलेलं असतं: धारक.
ज्यानं धरून ठेवलंय तो.
कुठवर, ते छापलेलं नाही.
खाली पट्टेदार, इतर भार, इतर शेरे,
आणि एक रकाना, बहुतेक घरांचा कोराच असतो,
सुविधाधिकार.
इथं तो कोरा नव्हता.
उडालेल्या निळ्या शाईत कुणा कारकुनाचं तिरकं अक्षर:
'मागील घरास आडावर जाणेयेणेची वहिवाट.'

आड बुजवून चोवीस वर्षं झाली.
त्याच्यावर आता पाण्याची टाकी, सिमेंटची,
चौगुल्यांच्या थोरल्यानं बांधलेली.
"आडच न्हाई तर वाट कसली?
गेट लावणार मी. वकील म्हणालाय,
कारण सरलं की हक्क सरतोय."
कायद्यात तसं आहे.
उलटं म्हणणाराही वकील मिळतो,
म्हणून तर बावड्याच्या रस्त्याला कोर्टाची एवढी मोठी इमारत.

तेवढ्यात मागच्या घरातून जुलेखाबी बागवान आल्या.
हातात रिकामी कळशी.
आमच्या टेपवरून पाय उचलून टाकत,
कुणाकडे न बघता, बोळातून टाकीपर्यंत गेल्या.
टाकीला हात लावला.
परत फिरल्या.

"रोज?"
"रोज येकदा जातो. सासू सांगून गेल्याय,
वाट मोडू दिऊ नगंस.
पाणी काय, नळाला बी येतंय."

त्या बोळात जुलेखाबींचा एक इंच नाही.
विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही,
उन्हाळ्यात खाट टाकून पडता येत नाही.
फक्त जाता येतं, आणि माघारी येता येतं.
आदगोंडांचा मात्र तो पुरता आहे,
वर आभाळ दिसतं तिथवर, खाली मुरूम लागतो तिथवर,
फक्त एका म्हातारीच्या दोन पावलांएवढा
कमी.

भिंतीवर पुराची रेघ होती, छातीइतकी उंच.
पंचगंगा आत आली तेव्हा
तिनं कुणाचा रकाना वाचला नव्हता.
रेघेच्या वर एक बल्ब. दिवसाउजेडीही चालू.
"हा कुणाचा?"
आदगोंडा चपला शोधायला लागले.
"माझ्या मीटरवर हाय.
पहाटंचं येती कधी कधी. पडलीबिडली तर
आमच्यावरच यायचं की ते."

नकाशात मी बोळ तुटक रेषेनं काढला.
शेऱ्यात लिहिलं: वापर चालू.
बल्बासाठी रकाना सापडला नाही.

संध्याकाळी फुलेवाडीला खोलीवर आलो.
अकरा महिन्यांचा करार, त्यातले दोन उरलेत.
आठ वर्षं मी या गावाच्या हद्दी काढतोय
आणि खिळा ठोकायचा तर खालच्या मजल्यावर विचारावं लागतं.
जिन्यापासून दारापर्यंत सोळा पावलं आहेत.
आजवर मोजली नव्हती.
कुलूप काढायच्या आधी
दाराला हात लावून उभा राहिलो जरा,
आत काही आणायचं नव्हतं तरी.