इस्रायल आळी, अलिबाग

तीस वर्षं मी या आळीतले मीटर वाचतोय.
चौथं घर. उजव्या चौकटीला, खांद्याच्या उंचीवर,
तिरप्या रेषेत खिळ्यांची दोन भोकं.
ऑइलपेंटचे तीन हात बसले, बुजली नाहीत.

बिलावर अजून नाव एलोजी झिराडकर.

म्हणायचा, "शनवारी बापाचा बैलसुद्धा जुवाखाली मान द्यायचा नाय,
तेली कोण, बैल कोण, कळायचं नाय."
घाणा गेला, मग मुलं,
मग तोही, कुठल्याशा वाळवंटात,
आडनावात झिराड तेवढं घेऊन.

आता सुमित्रा पेरेकर राहतात.
सुकटीची पाटी कमरेवर,
तरी आत शिरताना बोटं भोकांना लावतात, मग ओठांना.

विचारलं.
"हन्नाबाई जाताना सांगून गेली.
काय असतं ते, राहिलंच विचारायचं."

एकशे बारा युनिट.