कारणाचा रकाना

ओब्दुलिया मेरिनो दर एप्रिलला येते,
सफरचंदांच्या पेटीतला जांभळा पुठ्ठ्याचा ट्रे घेऊन.
ज्या खळग्यांत फळं बसायची, तिथं
पावत्यांच्या सुरळ्या: पेट्रोल, फोन, टायर,
आणि एका खळग्यात नुसतंच रबरबँड.
टॉपनिशमधलं माझं ऑफिस लाँड्रीच्या भिंतीला भिंत लावून.
तिकडे यंत्रं फिरतात, इकडे टेबल थरथरतं.

ती दुभाषी. बागांत राबणाऱ्या मिश्तेको बायांचं दुखणं
डॉक्टरच्या इंग्रजीत नेऊन ठेवते, त्याचं उत्तर परत आणते.
दिवसभर ‘मी’ म्हणते, ते ‘मी’ तिचं नसतं.
माझं पोट दुखतंय. मला तिसरा महिना. मी सही करणार नाही.

एजन्सी तिला कामगार मानत नाही,
स्वतंत्र कंत्राटदार म्हणते.
म्हणजे मालकाचा वाटाही तूच भर, नोकराचाही तूच,
मी पहिल्या वर्षी समजावलं होतं.
ती हसली: मग त्या मालकिणीला सांग ना,
या बाईला एक रविवार तरी दे म्हणावं.

तेव्हापासून शंभरातले तीस ती वेगळ्या खात्यात टाकते.
खात्याला नाव दिलंय: ‘लोकांचे’.
जूनमध्ये गाडीचा गिअरबॉक्स गेला,
‘लोकांचे’ला हात लावला नाही,
तीन आठवडे भाच्याची पिकअप मागून आणली.
सप्टेंबरात मात्र लावला. हप्ता चुकला.
दंड एकोणीस डॉलर, तोही तिनं घरूनच मोजून आणलाय.

मग मैलांची वही.
सनीसाइड ते याकिमा, पस्तीस. कारण: बाळंतपण.
याकिमा ते ग्रँडव्ह्यू, बेचाळीस. कारण: दाढ.
ग्रँडव्ह्यू ते सनीसाइड, सात. कारण: पोरगा शाळेत बोलत नाही.
मी बोट खाली सरकवत बेरीज करतो.
कारणं वाचायची नसतात, असली पाहिजेत एवढंच.

अकरा नोव्हेंबर. याकिमा इस्पितळ ते घर, वीस.
कारणाच्या रकान्यात: ‘वापाटोपाशी थांबले.’

हे धरता येत नाही, मी म्हणतो.
शेवटच्या कामावरून घरी जाणं कामात मोडत नाही.
कायद्याच्या लेखी तो रस्ता तुझा खासगी.

ती वहीकडे बघत राहते.
त्या दिवशी तिला मीच सांगितलं, लिंडन.
डॉक्टर बोलला, पण आमच्या भाषेत ते वाक्य
माझ्याच तोंडून आलं.
मग, जरा वेळानं:
बरोबर आहे तुझं. तो खासगीच होता.

मी वीस खोडतो. वजावटीतून गेले
तेरा डॉलर चाळीस सेंट.

तिचा फोन वाजतो. याकिमा, इमर्जन्सी, अर्ध्या तासात.
ट्रे माझ्याकडेच सोडून ती किल्ल्या उचलते,
दारात थबकते: इथपासून मोजू?
हिशेबनिसाकडे येणं हे काम आहे, मी म्हणतो. इथपासून मोज.

खिडकीतून दिसतं,
गाडी सुरू करण्याआधी ती वाकून आकडा टिपते,
पुढचा रकाना तेवढा कोरा ठेवते.