पासिंजर

टांग्यात आम्ही सात पोरं.
चार पुढे, तीन मागे,
आणि मी कायम मागे:
एक मोजा घसरलेला, दप्तर मांडीवर,
पाय हवेत, तोंड महालाकडे.
शाळा माझ्या पाठीमागून यायची.
गेलेला रस्ता तेवढा दिसायचा.

म्हणून घोडीचा चेहरा मला ठाऊक नव्हता.
ठाऊक होत्या टापा,
तीन ठाम, चौथी जरा उशिरा,
तेराच्या पाढ्यात अडखळणाऱ्या कुंदा भुसारीसारखी.
ठाऊक होता वास:
ओलं गवत, घामेजलं चामडं,
आणि त्यावर अजमतमियाँची विडी.

नाव पासिंजर.
"हर टेसनवर थांबते," मियाँ सांगायचे,
"एक्सप्रेस करून पाहिली, नाही जमलं बापा."
गांधीसागरचा पानठेला, एक टेसन.
कडब्याचं दुकान, दुसरं.
आणि आमचं हिरवं फाटक.
तिथं लगाम ओढायच्या आधीच ती उभी.
मी वेणी घालत असो की रडत असो,
ती उभी.

आई संत्र्याची सालं वाळवायची, उटण्यासाठी.
सुपातली निम्मी माझ्या खिशात.
ती मी मियाँच्या हातावर ठेवायची,
मियाँ पुढे जाऊन तिला द्यायचे,
आणि मला फक्त चावण्याचा आवाज यायचा.
"खाऊन राहिली का?"
"खाऊन राहिली."
एवढाच आमचा पत्रव्यवहार.

लोखंडी पुलाखाली शिरलो की
एका घोडीच्या चार घोड्या व्हायच्या.
आम्ही ओरडायचो, पूल ओरडायचा,
वरून मालगाडी गेली तर देवच पावला.
धोटेचा विन्या दर वेळी म्हणायचा,
आता घोडी बिथरणार बे.
ती दर वेळी बिथरायची नाही.

चौथीच्या परीक्षेत डांबर वितळलं.
कॉटन मार्केटच्या वळणावर तिचा नाल रुतला,
पाय निघाला, नाल तिथंच राहिला.
उरलेला रस्ता आम्ही पायी गेलो,
ती आमच्यामागून, रिकामा टांगा ओढत,
चौथी टाप आता अगदीच मऊ.
भूगोलाचा पेपर बुडता बुडता वाचला.
मला वळून पाहायचं होतं.
बाई फाटकात उभ्या होत्या.

मग ऑटो आले. आधी एक, मग सगळे.
ऑटोत तोंड पुढे करून बसायचं असतं,
हे शिकायला मला आठवडा लागला.
मियाँ कुठे गेले, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
सालं पुन्हा उटण्यात जाऊ लागली.

सहावीत होते. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं.
रात्री दहाला गल्लीत वरात आली,
डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया,
बँडवाल्यांच्या टोप्या मोठ्या, डोकी लहान,
आणि फेट्याखाली घामाघूम नवरदेव.
वरात पुढे गेली. घोडी नाही गेली.

आमच्या फाटकाशी उभी.

बँड दहा पावलांवर जाऊन परत आला.
करवल्या हसल्या. नवरदेवानं टाच मारली.
कुणीतरी म्हणालं, "अडली बे, अडली,"
कुणीतरी म्हणालं, "अपशकुन."
लगामाला एक अनोळखी पोरगा होता,
ओढून ओढून रडायला आलेला.

मी फाटकाच्या आतून पाहत होते.
झालरीच्या आणि टिकल्यांच्या मागे
लांब, थकलेला, जरा वाकडा चेहरा,
एका डोळ्याखाली चुन्यासारखा डाग.
असा चेहरा मी मनात कधीच काढला नव्हता.
मी तिला देखणी समजत होते.

खिशात काही नव्हतं.
मी कडी काढली नाही.
मोजा वर ओढून, दप्तर आधी टाकून
मागच्या पाटीवर चढायला मला जितका वेळ लागायचा,
तितकी ती थांबली.
मग कुणी न हाकलताच
निघाली,
तीन ठाम, एक जरा उशिरा,
पाठीवर कुणाचा तरी नवरा.

आईनं आतून विचारलं, कोण होतं गं?
मी म्हटलं, कोणी नाही.
टांगा.