जाम घाट, खालून वर

सरवट्यावरून पावणेसहाची मंडलेश्वर गाडी.
सीटखाली तिघांच्या पिशव्या, कागदात पोहे, वर जीरावन,
आणि रेशिमवाल्यांचा गुडघा, जो कालपासून बोलतोय.

आमची चालच उलटी.
इंदूरहून निघालं की डोंगर चढावा लागत नाही,
माळवा सपाट चालत जातो नि एका जागी संपतो.
म्हणून बसनं आधी घाट उतरायचा,
पायथ्याशी, निमाडात, पाय टेकायचे
आणि मग दिवसभर
आपल्याच घराकडे चढायचं.

कंडक्टर म्हणाला,
"वरच जायचं होतं तर उतरलात कशाला, भिया?"

जुनी वाट डांबराला विचारत नाही.
सागाच्या वाळक्या पानांतून निघते, पापड मोडत,
नाल्यात उतरते, हरवते,
पलीकडे एका दगडावर सापडते.
दगड मधोमध झिजलेला, बशीएवढा.
"बैलांचे खूर," सुधन्वा म्हणाला.
"पाणी," रेशिमवाले म्हणाले, आणि त्यावर बसले.

अकराला दुसरी बाटली संपली.
वरून एक बाई उतरत आली, डोक्यावर मोळी, पाय उघडे.
"लगीन आहे का वर कुणाचं?"
नाही.
"मग?"
तिघांनीही पळसाकडे पाहिलं.
तिनं मोळी सावरली आणि वळणाआड गेली,
हसली असावी.

मला ठाऊक होतं. सांगितलं नाही इतकंच.
आमच्या घरात सहा पिढ्यांचं एक भांडण आहे:
मूळपुरुष कुठल्या घाटानं वर आला.
काका म्हणतात असीरगडाकडून, फौजेबरोबर, तलवारीसकट.
आत्या म्हणते याच खिंडीतनं,
कारकून होता मेला, घोडंही भाड्याचं.
पुरावा म्हणून एक पितळी कलमदान होतं.
तेही शेवटी मोडीतच गेलं.

शेवटचा चढ उभा.
तिथे बोलणं बंद, मोजणं सुरू.
एकावन्न, बावन्न, थांबा.
काठी, गुडघा, काठी.
"मी जातो पुढे," सुधन्वा म्हणाला,
आणि पाच मिनिटांनी वरून त्याचीच हाक: "आलो!"

मधल्या कुठल्या पावलाला
'जातो'चं 'आलो' झालं?

दरवाज्याच्या कमानीत वारा असा, की टोपी हातात.
मागे वळलो.
खाली निमाड, धुरकट.
ती रेघ नर्मदा असेल, किंवा नुसती ऊन्ह.
तिच्यापलीकडे सातपुडा,
आणि त्याच्याही पलीकडे, दिसत नाही ते,
कुठलंसं एक दार,
जिथे काखोटीला वळकटी मारून
कुणीतरी आईला म्हणालं असेल "येतो",
कारण 'जातो' म्हणू नये.

अजून गेला नाहीये तो.

इकडे टपरीवर तीन कट चहा उकळत होते.
पोरं कमानीला टेकून फोटो काढत होती.
रेशिमवाल्यांनी बूट काढून खडा शोधला, सापडला नाही.
घरून फोन, रेंज अर्धी.
"कुठे आहात?"
वर, म्हटलं.
पुढचं वाऱ्यात तिला ऐकू गेलं की नाही,
कोण जाणे.